डॉक्टरांचं अर्धं राहिलेलं बोलणं

लातूर, १४ जुलै २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम. तीन महिने मी फोन केला नाही. तुझा आला की "बरी आहे" म्हणून ठेवला. माफ कर. जास्त बोलले असते तर आणखी खोटं बोलले असते.

रेडिएशन संपलं त्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधीच मी तुला फोन केला होता, "संपलं सगळं." तू रडत म्हणालीस, "सुटलीस बग बया!" आणि हदगावच्या विहारात खीर वाटलीस. मग आत डॉक्टर म्हणाले, "स्तनाचा कॅन्सर उलटू नये म्हणून एक नवी गोळी आली आहे. तुमच्या काखेतही गाठी होत्या, तेव्हा..." मी म्हणाले, "बस झालं, सर." तुला सांगितलेलं खोटं ठरेल, असं वाटलं. की मीच भ्याले? खरंच कळत नाही.

काल तपासणीला जन्नतबी भेटल्या. केमोला आम्ही शेजारी बसायचो. त्यांनी ती गोळी सुरू केली आहे. "जुलाब लागून संडासातच बिऱ्हाड करून राहिले बाई! पर दुखणं उलटण्यापरीस बरं. तुमाला न्हाई सांगितली व्हय?"

मी म्हणाले, "न्हाई." चूक डॉक्टरांवर ढकलून मोकळी झाले.

पुन्हा पेशंट व्हायचं नाही मला, ताई. पण ती गोळी सुरू करायला उशीर झाला असेल तर, या विचारानं कालपासून जेवण जात नाही. हे पत्र बहुधा वहीतच राहील.

तुझी,
महामाया

उद्या : दवाखान्यात फोन करून डॉक्टरांची वेळ घेणे.