भेगेवरची काच

कराड, १० जुलै १९८२

ती. बाबांस,
हेरंबचा शि. सा. न. वि. वि.

गिरण्यांच्या संपाच्या बातम्या रोज वाचतो. पण आज वेगळीच काळजी लिहितोय. कॉलेजात आम्हाला तुळया शिकवताहेत. एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकावर वजन आलं की सगळ्यात जास्त ताण भिंतीपाशी येतो. फळ्यावरचं चित्र बघून मला आपल्या चाळीची गॅलरीच दिसली. आपल्या दाराशी लोखंडी तुळई भिंतीत शिरते, तिथे मे महिन्यात बारीक भेग होती. तिच्यावर आडवी काचपट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा. काच फुटली तर भेग वाढतेय असं समजा आणि गॅलरीत कुणाला उभं राहू देऊ नका. चेष्टेवारी नेऊ नका. आईला नमस्कार.

आपला,
हेरंब

लालबाग, १९ ऑगस्ट १९८२

चि. हेरंब यास,
अनेक आशीर्वाद.

महिना उलटला, काच शाबूत आहे. रोज सकाळी तंबाखू मळत बघतो. तुझी आई म्हणते, गिरणीत साच्याकडे इतकं लक्ष दिलं असतं तर केव्हाच कामगारांवरचा जॉबर झाला असता. धागा तुटणार हे माझ्या हाताला आधी कळतं, लोखंडाचं कळत नाही, म्हणून तुला विचारतो. संपामुळे निम्मी चाळ गावी गेलीय, पण विसर्जनाला सगळे येतील. सात महिन्यांत माणसं हसलेली नाहीत. मिरवणूक बघायला गॅलरीत उभं राहू द्यावं का? तू म्हणशील तसं करू.

कळावे,
दत्ताराम

कराड, २४ ऑगस्ट १९८२

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस काच तडकली नाही, म्हणजे भेग हललेली नाही. खुशाल उभे राहा. मी उगाच घाबरवलं, राग मानू नका.

आपला,
हेरंब

लालबाग, भाद्रपद शु. १३

चि. हेरंब यास,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी चाळभर वाचून दाखवलं. आमचा इंजिनेर म्हणतो गॅलरी धड आहे, असं सांगताना छाती फुगली होती त्यांची. गावचे सगळे आलेत. उद्या गॅलरीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. तुझ्या धाकट्या बहिणीनं, जाईनं, कठड्यापाशी आत्ताच चटई टाकून ठेवलीय.

एक सांगते, बाबांना कळवू नकोस. ती काच टिकत नाही रे. नागपंचमीला तडकली, तेव्हा तर चाळीत माणूसही नव्हतं. सणासुदीला दारात फुटकी काच बरी नव्हे, म्हणून बाबा गिरणीच्या गेटवर संपाच्या सभेला गेले तेव्हा फोटोफ्रेमवाल्या कुशाबाकडून नवी आणून लावली. गौरी यायच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच. आज सकाळी तिसऱ्यांदा बदलली, तर तीही आत्ता लिहिता लिहिता टचकन गेली. तू एवढा शिकतोस, पुढच्या वेळी जरा जाड काच सांग.

उद्या चौथी लावीन. दरवर्षी मी मागे दाराशीच उभी असते, यंदा तू सांगितलंस म्हणून पुढे कठड्याशी उभी राहणार आहे. पत्र तुला मिळेल तोवर बाप्पा गेलेले असतील. इकडची काळजी करू नकोस, अभ्यास कर. माया आहेच, तीत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
आई