गाळलेलं प्रकरण

१४ नोव्हेंबर
रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, साधा मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी त्यांना काही दिवस वाचायला मनाई केलीय, म्हणजे शिक्षा मला! कॉलेजातून येऊन मी चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच हाक येते, "वाचतेस ना?"

त्याचं असं झालं, बाबांच्या त्या समीक्षेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. त्या जुन्या इंग्रजी कादंबरीकडे बघायची नजर कशी बदलत गेली, यावर प्रकाशकांना नवी प्रस्तावना हवीय. बाबा भलतेच खुशीत होते. त्यांच्या विद्यार्थिदशेत सगळे म्हणायचे, नवऱ्याचं घर सोडणारी ही बाई गर्विष्ठ, आणि कादंबरी म्हणजे तिला मिळालेला धडा. मग नवे समीक्षक आले नि ती एकदम बंडखोर नायिका झाली. आता तर तिला कोणी विचारतच नाही, त्या घरातला पैसा कुठल्या गुलामांच्या घामातून आला ते शोधतात. "बाई तीच, चष्मे वेगळे," बाबा म्हणाले. "माझा आपला जुनाच बरा. घर सोडताना बापाला एका शब्दानं विचारलं नाही तिनं. गर्वच तो!"

हे वाक्य त्यांनी तुलाही ऐकवलं होतं. भाऊजींचं घर सोडलंस तेव्हा.

असो. घरची प्रत पार खिळखिळी झालेली, म्हणून मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणली. मंगळवारी वाचत होते. ती बाई घर सोडण्याआधी वडिलांकडे जाते, दार वाजवते, सांगते की मला तिथे भीती वाटते. वडील लिहीत बसलेले. मान वर न करता म्हणतात, "तुझ्या घरी जा."

"थांब," बाबा म्हणाले. "हे कुठलं घुसडलंस मध्येच?"

"मी कशाला घुसडू? छापलंय इथं."

उलगडा झाला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. बाबा जन्मभर शिकवत आले ती अभ्यासक्रमासाठी कापलेली आवृत्ती! मुलांना जड जाईल म्हणून हे प्रकरणच गाळलेलं. मूळ पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. केवढे चिडले! आधी संपादकावर, मग विद्यापीठावर, शेवटी स्वतःवर. "अर्धं पुस्तक वाचून न्यायाधीश होऊन बसलो मी!"

रात्री धड जेवलेही नाहीत. मी भांडी आवरत होते, तर मागे येऊन उभे राहिले.

"ती आली होती तेव्हा मी पेपर तपासत होतो ना?"

कादंबरीतल्या बाईबद्दल बोलत नव्हते, ताई.

"हो," मी म्हटलं.

"मी वर पाहिलं होतं का?"

"नाही, बाबा."

काळा चष्मा काढून ते किती तरी वेळ पुसत बसले. मला आधी भीती वाटली, आणि मग इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं या घरात तुझं नाव काढायची चोरी होती. आता आई दिवसभर तुझं नाव घेते, काही कारण नसताना, मुद्दाम मोठ्यानं.

प्रस्तावना काल माझ्याकडून लिहून घेतली. पहिलंच वाक्य असं आहे, "ज्या स्त्रीला मी दोष दिला, तिचं म्हणणं मी ऐकलंच नव्हतं." मी म्हटलं, छान झालंय. तर म्हणतात, "छान कसलं? उशीर झालाय."

आता खरं काय ते सांगते. एवढं पाल्हाळ लावलं ते धीर गोळा करायलाच. बाबांना तुझ्याकडे यायचंय. तिलाच इकडे बोलावू का म्हटलं, तर म्हणाले, "नाही. या वेळी दार मी वाजवायचं." डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की मी त्यांना घेऊन निघेन. राग असेल तर खुशाल बोल, ते ऐकायलाच येतायत. फक्त दार उघडलंस की मान वर करून बघ त्यांच्याकडे.

"या" एवढं लिहिलंस तरी पुरे.

बाबांची बॅग आधीच भरून बसलेली,
तुझी धाकटी