तीर्थाने धुतलेला पासवर्ड

ज्याने कोरड्या खडकातून पाणी काढले, मुक्याच्या जिभेवर शब्द ठेवला आणि ज्याच्या स्मरणातून एक चिमणीही निसटत नाही, त्या पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा एकाच देवाच्या कृपेने या पत्राचा आरंभ होवो. ज्याच्या स्मरणातून अलीकडे बरेच काही निसटते, अशा या लेखकावरही ती कृपा राहो. आमेन.

गोंदर, बुधवार.

देब्रे ताबोरच्या मिखाएल देवळाचे प्रमुख, आमचे ज्येष्ठ मेहुणे, परमादरणीय अलेका हब्तेगब्रिएल यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा भूमीला कपाळ टेकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? उपवासाच्या दिवसांत उभ्याने प्रार्थना करताना तो कुरकुरतो असे आपण लिहिले होते. माझाही कुरकुरतो, पण तो बसल्यावरही थांबत नाही, यावरून आपली भक्ती श्रेष्ठ ठरते. मधमाश्या परतल्या का? देवळाच्या छपराचा पत्रा बसला का? आपली भगिनी येशीवर्क देवदयेने उत्तम आहे. तिचा गळा तर इतका उत्तम आहे की गेले काही दिवस शेजारची गाढवे तिला उत्तर देऊ लागली आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

आमची लेक मास्तेवाल हिला मुलगी झाली हे आपण जाणताच. मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी. तो दिवस येत्या रविवारी येतो. स्टुटगार्टमधले आपले लोक जर्मनांचे एक देऊळ रविवारपुरते मागून घेतात, तिथेच विधी व्हायचा आहे. आम्हा दोघांना तिथे जाणे शक्य नाही. तेव्हा लेकीने आईकडे एकच मागणे मागितले: बाळ पाण्यातून वर येईल त्या क्षणी जीभ नाचवत घातलेली आनंदाची जी इलिल्ता घुमेल ती आजीची हवी. (तिथल्या आपल्या बायका अजून तरुण, भाड्याच्या घरात जीभ उंचावली की शेजारी दार ठोठावतात, म्हणून आवरता आवरता त्यांची इलिल्ता मांजरीच्या पिलाएवढी उरली आहे, असे मास्तेवाल सांगते.) आता हे काम नुसत्या आवाजाच्या फोनवर होणारे नव्हे. क्षण डोळ्यांना दिसला पाहिजे. नाहीतर बाळ अजून कोरडे असतानाच आनंदाचा गजर व्हायचा आणि पुरोहित बिचकायचे. आमच्या या उतारावर मोबाइलच्या जाळ्यातून आवाज येतो, चित्र येत नाही. आलेच तर देवळाच्या भिंतीवरल्या संतांसारखे निश्चल आणि मोठ्या डोळ्यांचे येते. चित्र हलते ते केवळ घरातल्या वायफायवर. ती पेटी मास्तेवालनेच मागल्या खेपेस येऊन बसवली, आईच्या फोनला तिची ओळख करून दिली आणि ती निघून गेली. पेटी आणि फोन यांचे त्यानंतर इतके सख्य जमले की पासवर्ड नावाची काही वस्तू असते याचा आम्हाला विसरच पडला.

आणि मग येशीवर्कचा फोन तल्लाच्या रांजणात पडला. आमच्या घरी मरियमच्या नावाची पंगत, यंदाचा महबर, असल्यामुळे जवाची बिअर, आपली तल्ला, मुरत घातली होती. ती वाकून वास घेत होती, फोन कमरेच्या पट्ट्यात होता. बाहेर काढला तेव्हा फोनच्या अंगात प्राण नव्हता, पण फेस मात्र भरपूर होता. (तल्ला टाकून द्यावी की नाही यावर आमच्यात थोडा शास्त्रार्थ झाला. टाकली नाही. यंदाची चव विशेष उतरली आहे असे पाहुण्यांनी आवर्जून सांगितले.) नवा फोन आणला. त्याने पेटीला हाक मारली. पेटीने पासवर्ड मागितला.

अलेका, ज्याने हयातभर मुलांकडून दीडशे स्तोत्रे पाठ करून घेतली, त्या या मर्गेताला आठ-दहा अक्षरे ठाऊक नसावीत, यातून मिळालेली नम्रता मी देवाकडून आलेली देणगी म्हणून स्वीकारली. मी लेकीला विचारले. आवाजच तेवढा पोचत होता, त्यात मागे नात रडत होती.

“अबाये, मला कुठलं आठवतंय! तुमच्या लक्षात राहील असंच काहीतरी ठेवलं होतं एवढं नक्की. आपल्या घरात रोज कानावर पडणारं.”

रोज कानावर पडणारे! मग शोध तो काय करायचा? मी मरियमपासून आरंभ केला. तिच्या सर्व उपाधी घातल्या. मग देवदूत श्रेणीवार घेतले, मग प्रेषित, मग ज्यांच्या नावाने आपण दर महिन्याला ज्वारीची भाकरी वाटतो ते सगळे संत. पेटी कोणालाही ओळखेना. आपल्या नगरदेवळाच्या संताचे नाव तिने दोनदा नाकारले तेव्हा मला तिच्या श्रद्धेविषयी शंका आली. येशीवर्क शेजारी बसून एकेका नावाला “आमेन” म्हणत होती, प्रेषितांपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, ही प्रार्थना चाललीय की पासवर्ड? प्रार्थना असेल तर मी दिवा लावते.” बाबेलच्या राजाला पडलेले स्वप्न आठवेना आणि आपल्या पंडितांनीच ते सांगावे असा त्याने हट्ट धरला, ही कथा मी कितीदा तरी शिकवली, त्या पंडितांची दया मला आत्ता कुठे आली.

पेटीच्या तळाशी मूळचा पासवर्ड चिठ्ठीवर छापलेला असतो, असे कोणीतरी सांगितले. पेटी उलटी केली. चिठ्ठी होती, अक्षरे नव्हती. त्यांच्या जागी निळसर ढग होता. आपणांस ठाऊक आहेच की आमच्या आत्म्याचे पिता अब्बा त्सिगे दर महिन्याला येऊन घरभर तीर्थ शिंपडतात. कोपरा सोडत नाहीत, पलंगाखालचा अंधार सोडत नाहीत. ही पेटी दिसल्यावर त्यांनी विचारले होते, “यातून दूरचे आवाज येतात म्हणे?” मी म्हटले, येतात. “मग हिला जरा जास्त हवं,” असे म्हणून त्यांनी ती उचलून वरून, खालून, सर्व बाजूंनी भिजवली होती, आणि हे दर महिन्याला चालू होते. त्यामुळे आमच्या पेटीत भूत असण्याची शक्यता उरलेली नाही. पासवर्डचीही उरलेली नाही.

टेलिफोनच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थाने आदराने उठून हात कपाळाला लावला आणि सांगितले की पेटी मास्तेवालच्या नावावर आहे, तेव्हा मास्तेवालने समक्ष यावे. ती स्टुटगार्टला आहे, म्हटले. “येईल तेव्हा घेऊन या, मर्गेता, घाई नाही.” पेटीच्या मागे एक बारीक छिद्र आहे, त्यात सुई खुपसली तर पेटी सगळे विसरून नव्याने जन्मते, असे मी ऐकले होते, तेही विचारले. तो दचकला. “सुई अजिबात घालू नका! मग आमचा माणूस येऊन सगळं नव्यानं लावणार. त्याला यायला दोन आठवडे तरी लागतात.” म्हणजे नातीला पाण्यातून काढल्यावर दोन आठवड्यांनी तिच्या आजीचा गजर पोचणार. येशीवर्कला हे सांगितले. ती परसात गेली आणि हळूच, अर्ध्या आवाजात, एकदा इलिल्ता घालून पाहिली, मग थांबली. त्या दिवशी तिने पुन्हा सराव केला नाही. अलेका, त्या घरात मला बसवेना.

मी अब्बांकडे गेलो. सगळे सविस्तर सांगितले आणि हरवलेले सापडावे म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती केली. अब्बांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला. मग त्यांनी आकाशाकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, हातातला क्रूस उजवीकडून डावीकडे घेतला.

“मर्गेता, मला विचारू नका.”

“मी आपल्याला कुठे विचारतोय, अब्बा? देवाला विचारा म्हणतोय.”

“त्यालाही माझ्यामार्फत नको.” त्यांच्या कपाळावर घाम होता. “माझ्या कानात पडतं ते माझं नसतं. पापी येतो, सांगतो, जातो. मी म्हणजे विहीर.”

मला वाटले, ते काही गूढ तत्त्व उलगडून सांगत आहेत, म्हणून मी आदराने मान हलवली. तेव्हा ते जरा वैतागले. “परवा मरियमचा महबर तुमच्याकडे ना? मग जेवणाआधी उभे राहा आणि सगळ्यांना क्षमा करून टाका.”

“कशाबद्दल?”

“करा हो! मोठ्या मनाने करा. आणि मोघम करा. तपशिलात शिरू नका.”

महबरला सगळी गल्ली जमली. इंजेराच्या पोळ्या वाढल्या होत्या, दाबोचा मोठा पाव कापायचा होता. मी खांद्यावरची गाबीची शाल सावरून उभा राहिलो आणि म्हणालो की या घरातून कोणी कधी न विचारता काही घेतले असेल, वस्तू, फळ किंवा आणखी काही, तर आजच्या दिवशी मरियमच्या नावाने मी त्याला पूर्ण क्षमा करतो, देवही करो. आमेन म्हणायला कोणी तोंड उघडेना. एवढी शांतता या घरात फक्त पंगतीत पदार्थ कमी पडला तर होते. अब्बा दाबोकडे एकटक पाहत होते.

मग शेजारच्या झेनेबेचबाई स्फुंदू लागल्या.

“मर्गेता, मी कुणाला सांगणार नव्हते! मास्तेवालनंच सांगितलं, दोन वर्षांमागं, कॉफी पिताना. तिसऱ्या कपापर्यंत थांबले असते का मी, सांगा! मग माझ्या पोरानं तिच्या पोराला सांगितलं...”

“माझ्यावर काय ढकलतेस!” पलीकडच्या बाई उसळल्या. “तुझ्या घरी तर टीव्हीसुद्धा यांच्याच जिवावर चालतो!”

“मी फक्त देवळाची गाणी ऐकतो,” कोपऱ्यातून शिंपी गेताहुन म्हणाला. “आणि थोडा फुटबॉल.”

अलेका, तेव्हा कुठे मला उमगले. ज्या पेटीचा पासवर्ड मला देवदूतांकरवी सापडला नाही, तो माझ्या घराच्या चारी बाजूंना प्रत्येक चुलीपाशी ठाऊक होता! संध्याकाळी आमचे चित्र का अडखळते, याचा दोष मी ढगांना देत आलो होतो. सगळ्यांनी त्याबद्दल अब्बांपाशी रीतसर पापकबुली दिलेली होती, प्रायश्चित्ताची लोटांगणे घातली होती, आणि घरी जाऊन पुन्हा फोन उघडला होता. फक्त मला सांगणे राहून गेले, कारण सांगितले तर वापरतो हेही सांगावे लागते. येशीवर्कने मात्र कोणालाही एक शब्द सुनावला नाही. तिने नवा फोन झेनेबेचबाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “रडणं मागाहून. आधी टाइप कर.”

झेनेबेचबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिले आणि ओठ चावला. “मर्गेता, तुम्ही रागावणार नाही ना? ते... तुमचंच वाक्य आहे.” आणि त्यांनी अक्षरे भरली. आपल्या भाषेतले तीन साधे शब्द, एकमेकांना चिकटवलेले: कॉफी झाली का.

मरियम नव्हे, मिखाएल नव्हे. या घरात रोज कानावर पडणारे, ते हे! लेकीने इतकी वर्षे ऐकलेले माझे प्रवचन या तीन शब्दांत मावले. (ती हाक उपवासाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी उपवास सुटण्याआधीच जाते, असे येशीवर्कने सर्वांसमक्ष जोडले. ते तिने जोडायला नको होते.) पेटीने क्षणाचाही विलंब न लावता दार उघडले. चित्र हलले. स्टुटगार्टमध्ये मास्तेवाल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि बाळाने, जणू काही आम्ही उशिरा आलो म्हणून, एक मोठी जांभई दिली. येशीवर्कने इलिल्ता घातली. मग झेनेबेचबाईंनी घातली, मग पलीकडच्या बाईंनी. मघाशी भांडलेल्या दोघी एकाच श्वासात. अब्बांनी डोळे मिटले. विहिरीवरचे झाकण कोणीतरी हलक्या हाताने काढावे, तसे त्यांना वाटले असावे.

आता येशीवर्क सकाळ-संध्याकाळ परसात सराव करते, आणि रविवारी गल्लीतल्या सर्व बायका तिच्यामागे उभ्या राहणार आहेत. क्षमेच्या बदल्यात तेवढा वेळ बाकी कोणी पेटी वापरायची नाही असे ठरले आहे. गेताहुनने फुटबॉलबाबत वेगळी शपथ घेतली. मला खात्री आहे की त्या जर्मन देवळाच्या काचा हे कधी विसरणार नाहीत.

आपला आज्ञांकित,
मर्गेता अफेवर्क

ता. क. हे पत्र बंद करण्याआधी आज सकाळी अब्बा तीर्थ घेऊन आले. त्यांनी अजून उंबरठा ओलांडला नव्हता, कोणी त्यांना काही सांगितलेही नव्हते, तोच त्यांच्या झग्याच्या खिशातला फोन आपसूक आमच्या पेटीला जोडला जाऊन टिंग टिंग टिंग वाजू लागला. क्षमा मोघम करा, तपशिलात शिरू नका, या उपदेशाचे भाष्य मला तिथे मिळाले. मी तपशिलात शिरलो नाही.

ता. क. २. पासवर्ड मिळाला, पेटी तयार आहे, गळा तयार आहे. तथापि आमच्या भागात रविवारी सकाळी वीज हटकून जाते, आणि विजेविना ही पेटी म्हणजे नुसती पेटीच. आपल्या देवळाचा भोंगा ज्या मोठ्या बॅटरीवर चालतो, ती शुक्रवारच्या बसने पाठवाल का? सोमवारी परत येईल. त्या रविवारी आपणांस भोंग्याविना प्रवचन करावे लागेल हे मी जाणतो. परंतु देवाने आपला आवाज मुळातच दरीपलीकडे पोचेल असा घडवला आहे, हे मी सर्वांना नेहमी सांगतो. (आजपासून सांगेन.)

आपणांस, आपल्या घरच्यांस, मोठ्याने हे पत्र वाचून दाखवणाऱ्यास, भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यास, आणि वाटेत बसमध्ये ज्याने हे आधीच फोडून वाचले असेल त्यासही: ज्यांची आठवण येते ती माणसे डोळ्यांना दिसोत, त्यांचा आवाज वेळेवर पोचो, आणि प्रत्येकाच्या घरी आनंदाने ओरडण्याचे कारण लवकर येवो. आमेन.