मी वारलो, बाकी सर्व कुशल

लोक्रीनिवासी व्याहीबुवा थ्रासोन यांस मेतापोन्तहून मिक्कोसचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपली प्रकृती कशी आहे? द्राक्षं उतरवायच्या दिवसांत गुडघे धरतात असं आपण मागे कळवलं होतं. ऑलिव्हच्या तेलात लसूण कढवून चोळत जा. (आमच्या मिर्तोचा उपाय. गुडघा बरा होत नाही, पण वासामुळे कोणी जवळ येत नाही आणि विश्रांती मिळते.) विहीणबाईंना नमस्कार. इकडील वर्तमान असं की तुमची फिलिन्ना खुशाल आहे. तिला नववा लागला आहे; पायांवर सूज आहे, पण सुईण म्हणते तेवढी चालायचीच. आमचा मुलगा ओनासोस माल घेऊन कोरिंथला गेला आहे आणि वारा बरा राहिला तर बाळंतपणाच्या आत परतेल. शेळ्या दूध देताहेत. मी गेल्या पौर्णिमेला वारलो. बाकी सर्व कुशल.

हे वाचून आपण सुतकाचे केस कापायला बसला असाल तर कात्री खाली ठेवा. पत्र मीच लिहितो आहे, अक्षर माझंच आहे, आणि सकाळी दोन अंजीरही मीच खाल्ले आहेत. मी वारलो तो बंधुसंघाच्या लेखी. पायथागोरस गुरुजींच्या मागे त्यांच्या शिष्यांनी जो संघ चालवला आहे त्यात आपली कन्या आहे हे आपणास ठाऊक आहेच. त्या संघातून जो बाहेर पडतो त्याला ते मेलेला समजतात. नुसतं समजत नाहीत, गावाबाहेर रस्त्याकडेला त्याचं थडगं उभारतात, आणि नंतर तो समोर आलाच तर कोणी परका चालला आहे असं धरून वागतात. त्यामुळे आपल्या कन्येच्या लेखी मी मेलो. घरात बाळ येणार, दहाव्या दिवशी त्याला चुलीभोवती फिरवून नाव ठेवणार, आणि त्याचा आजा अंगणातल्या द्राक्षाच्या घाण्याच्या खोपटात मेलेला पडून राहणार. व्याहीबुवा, मला या वयात दुसरं काही नको आहे. ते पोर एकदा माझ्या मांडीवर यावं, एवढंच. पण मेलेल्याच्या मांडीवर पोर कोण देतं?

आता हे कसं झालं ते सांगतो. (कागद महाग आहे, पण मेलेल्या माणसाने कशासाठी काटकसर करायची?) मिर्तोसारखी बायको गेल्यावर घर मला खायला उठलं. माझ्या बरोबरीचे एकेक करून गेले. बाजारात हल्ली ज्यांच्याशी बोलावं ते सगळे कांद्याच्या भावाचं बोलतात. आमच्या लहानपणी मेतापोन्तात जवाची शेतं समुद्रापर्यंत जायची आणि आमचे म्हातारे पंतोजी आम्हाला त्या शेतांच्या बांधावर बसवून कविता पाठ करून घ्यायचे. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकायचं, आणि पंतोजी म्हणायचे, बघा, यालाच वृत्त म्हणतात. आता ते शेतही नाही आणि तसं झुकणंही नाही. तर मी असा उदास बसलेला पाहून फिलिन्ना म्हणाली, "मामंजी, आमच्याकडे चला की. संध्याकाळी सगळे जमतात, वीणा वाजते, मन शांत व्हावं म्हणून कविता म्हणतात." कविता म्हटल्यावर मी कसला थांबतो. उजवी चप्पल आधी घालून निघालो. (उजवी आधी घालायची हा त्यांचाच नियम. डावी आधी घातली की पुन्हा काढायची.)

नियम म्हणाल तर आमच्या मिर्तोच्या आईचंही सोवळं इतकं कडक नव्हतं. ताटाबाहेर पडलेलं उचलायचं नाही. सुरीने विस्तव ढवळायचा नाही. उठल्यावर अंथरुणावर अंगाचा ठसा उरू द्यायचा नाही, हात फिरवून मोडायचा. मांस नाही. आणि पावटे तर अजिबात नाहीत, पावट्याच्या वेलाला हातसुद्धा लावायचा नाही. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्यांनी सांगितलंय." 'त्यांनी' म्हणजे पायथागोरस गुरुजींनी. ते जाऊन जमाना झाला, पण त्यांचं म्हणणं अजून कुणाला खोडता आलेलं नाही, कारण खोडायला ज्याने तोंड उघडावं त्याला बोलायची परवानगी नाही. नव्या सभासदाने पाच वर्षं मौन पाळायचं असतं. मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. पण तेव्हा मी बोलत होतो.

व्याहीबुवा, आपण मला ओळखता. आपल्या लेकीच्या लग्नात नवरा-नवरीची गाडी वेशीबाहेर गेली तरी माझं आशीर्वादाचं भाषण संपलं नव्हतं. तो मी, सत्तरीत, तोंड मिटून बसलो. पहिले काही महिने बोलणं पोटात साठून अजीर्ण झालं. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. संघाचं म्हणणं असं की जगात जे काही आहे ते सगळं मुळात आकडे आहे. न्याय म्हणजे चार, लग्न म्हणजे पाच. तार अर्धी केली की तोच सूर वरच्या पट्टीत निघतो, हे त्यांनी वीणेवर करून दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आकाशातले तारेसुद्धा फिरताना असेच सूर लावतात, पण जन्मल्यापासून ते कानात असल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाहीत, असं ते सांगतात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला एकदम मिर्तो आठवली. चाळीस वर्षं तिची बडबड घरात होती, मी कधी ऐकली म्हणून नाही. ती थांबली त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. तेव्हा मला वाटलं की या गुरुजींना बायको होती खास. (हे मला तिथे मोठ्याने म्हणायचं होतं, पण मौन.)

तर असं दोन वर्षांवर चाललं. घात केला तो लिकोनने. हा लिकोन माझा शाळेतला, एका बाकावरचा. संघात तो जुना सभासद, त्याला बोलायची मुभा, आणि वीणेवर कविता म्हणायचं कामही त्याच्याकडेच. आवाज गोड, पण स्मरणशक्ती चाळणीसारखी. त्या संध्याकाळी त्याने आमच्या पंतोजींचीच कविता धरली:

वारा निजला, वल्ही थकली, झोप न येई किनाऱ्याला…

आणि अडकला. शाळेतही तो हटकून इथेच अडकायचा आणि पंतोजींची छडी वर जायच्या आत मी बाजूने पुटपुटायचो. त्याने ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा अडकला. तार नुसतीच वाजत राहिली. सगळे डोळे मिटून शांतपणे वाट पाहताहेत, आणि माझ्या छातीत ती दुसरी ओळ दार खडखडावते आहे. किनाऱ्याला झोप येत नाही, व्याहीबुवा, आणि का येत नाही ते सांगितल्याशिवाय माणसांना घरी कसं पाठवायचं? लिकोनने माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षांपूर्वी पाहायचा तसंच पाहिलं. मी म्हणालो:

यायचे कोण राहिले अजुनी, पुसतो येत्या लाटेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण बूच निघालं. ती कविता संपवली, मग नांगराची म्हटली, मग बगळ्यांची, मग पंतोजी कसे वारले ते सांगितलं, मग कांद्याच्या भावाबद्दलही बोललो. दिवे लागले तेव्हा मी एकटाच बोलत होतो आणि फिलिन्ना दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. (ती रडत होती असं सगळ्यांना वाटलं. तिचे खांदे मी पाहिले होते. ती हसत होती.)

दुसऱ्या दिवशी संघाचे वडीलधारे दामिप्पोस यांनी बोलावलं. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. म्हणाले, "आजोबा, दोन वाटा आहेत. पाच वर्षं पहिल्यापासून धरा, नाहीतर आम्ही तुमचं थडगं उभारतो." मी म्हणालो, "दामिप्पोस, पाच वर्षांनी तसंही थडगंच उभारायचंय ना? मग आत्ताच उरका, दगड स्वस्त आहे." त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते नियमाप्रमाणे मोडलं, अंथरुणावरचा ठसा मोडतात तसं. संघात जाताना मी एक लंगडं गाढव दिलं होतं. बाहेर पडणाऱ्याला दुप्पट परत द्यायची रीत असल्यामुळे मला दोन गाढवं मिळाली, दोन्ही धडधाकट. जन्मात मला असा फायदा झाला नव्हता. त्यासाठी मरावं लागलं.

थडगं छान आहे. सुरूच्या झाडाखाली आहे, दुपारी सावली असते. मी रोज जेवून तिकडे जाऊन टेकतो. परवा मी दगडाच्या मागच्या अंगाला बसलो होतो, तर लिकोन तेलाचा बुधला घेऊन आला. त्याने दगडावर तेल ओतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि दगडाला म्हणाला, "मिक्क्या, माझ्यामुळे मेलास रे. आणि ती बगळ्यांची कविता, तिचं तिसरं कडवं कुठून सुरू होतं?" मेलेल्याने बोलू नये हे मला कळतं. मी जीभ दातांत धरली. मग सोडली आणि मागून कडवं सांगितलं. लिकोनने वळून पाहिलं नाही. "उपकार झाले," असं दगडालाच म्हणून तो कविता गुणगुणत गेला. गेल्या आठवड्यात तोच मला बाजारात दिसला होता, तेव्हा माझ्याकडे पाहून त्याने पाव विकणारीला विचारलं होतं, "हे पाहुणे कुठल्या गावचे?"

आता घरचं. थडगं उभं राहिलं त्याच संध्याकाळी आमच्या दाराशी एक कुत्र्याचं पिल्लू आलं आणि भुंकू लागलं. गप्प म्हणून बसेना. संघाची शिकवण अशी की आत्मा एका देहातून निघाला की दुसऱ्यात शिरतो, माणसाचा असो की जनावराचा. फिलिन्नाने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "आवाज ओळखीचा वाटतो गं." झालं. तेव्हापासून पिल्लाचं नाव मामंजी. माझं स्टूल त्याला, माझा वाडगा त्याला. मी खोपटाच्या दारातून पाहतो, तर मामंजी चुलीपाशी बसून चिकाचा खरवस खाताहेत. मला जिवंतपणी तो सणालासुद्धा मिळाला नव्हता. वर त्यांना बोलणीही खावी लागतात: "मामंजी, चपला कुरतडू नका. मामंजी, आल्यागेल्यावर भुंकू नका, तुम्हाला आधीही सांगितलं होतं." आपल्यात लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे कुत्र्या बोले आणि सासऱ्या लागे.

पण खोटं कशाला बोलू. कुत्र्याचं म्हणून ती जे खोपटाच्या दाराशी ठेवते त्यात जवाची भाकरी असते, चीज असतं, मध असतो, आणि एका कपात दारू असते, मला लागतं तितकंच पाणी घातलेली. गारठा पडला तेव्हा कुत्र्यासाठी लोकरीची टोपी ठेवली होती. फिलिन्नाला नियम मोडता येत नाही. मोडला तर तिचंही थडगं उठेल, आणि संघ म्हणजे तिचा जीव आहे. तो तिने माझ्यासाठी सोडावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. काल ती अंगणात शेंगा सोलत बसली होती. (पावटे नव्हेत.) पिल्लू पायाशी. तिने एक हात पोटावर ठेवला आणि पिल्लाला म्हणाली, "लाथ मारतंय बघा, मामंजी. उद्या हे आलं की द्यायचं कुणाच्या मांडीवर? तुम्हाला चार पाय. मांडी कुठली आणायची?" बोलताना नजर पिल्लाकडे होती, पण आवाज खोपटापर्यंत पोहोचेल एवढा लावला होता. मी आत कुडाला कान लावून उभा होतो. मग कुत्र्याची टोपी कानांपर्यंत ओढून बसलो.

असो. आपणास कष्ट द्यावेत असा हेतू नाही, वर्तमान कळावं म्हणून लिहिलं. गुडघे जपा. विहीणबाईंना पुन्हा नमस्कार. लोभ आहेच, तो मेल्यावरही ठेवावा.

आपला कैलासवासी व्याही,
मिक्कोस

ता. क. कडेला जागा आहे म्हणून लिहितो. फिलिन्नाच्या लग्नात आपण तिला पाहुण्याच्या खुणेचं अर्धं हाड दिलं होतं, आणि जो कोणी दुसरं अर्धं घेऊन दारात येईल तो बापाचा पाहुणा समजून त्याला घरात घे, असं बजावलं होतं. आज दुपारी तिने ते पेटीतून काढलं, पुसलं, चुलीवरच्या फळीवर ठेवलं, आणि पिल्लाला सांगितलं, "मामंजी गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. बाबांकडून एखादा पाहुणा आला असता तर बरं होतं. परका असला तरी चालेल. म्हातारा असला तर उत्तमच, पोर सांभाळायला उसंत असते." तरी आपल्याकडचं अर्धं हाड हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच मला पाठवून द्यावं. परक्याला दारातून परत लावायचा नियम संघात नाही, मी दामिप्पोस यांना विचारून घेतलं. (त्यांनी मला उत्तर दिलं नाही, मी मेलेला असल्यामुळे. पण बाजूच्या खांबाला ते "नाही" म्हणाले.)

ता. क. २. हाडाबरोबर कन्येच्या नावे शिफारसपत्रही हवं. माझं नाव त्यात काहीही घाला, गावही कुठलंही घाला. मात्र कवितांचा उल्लेख नको. तिने पिल्लाला आणखी एक गोष्ट सांगितली आहे: बाळ-बाळंतिणीला झोप हवी असते, म्हणून पाहुणा फार बोलणारा नसावा. तरी "गृहस्थ अत्यंत मितभाषी आहेत" असं आपल्या हातचं, ठळक अक्षरात लिहावं. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसणार नाही.