डावीकडचा ब्रेक

१ डिसेंबर, रविवार
लायसन्स आलं. फोटोत मी कोणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. पण आलं! नवरोजी म्हणाले, "आता गाडी घेऊन टाकू." म्हणजे ते आणि विनोदभाऊजी ठरवणार. धाकट्या दिरांना गाड्यांतलं कळतं असं घरात सगळ्यांना वाटतं. त्यांनाही.

३ डिसें.
बोरगाव मेघे ते रोहणा, शाळेचं रोजचं अप-डाऊन. ढोले सरांची गाडी, आम्ही सगळे मास्तर मिळून पेट्रोल टाकतो. मी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. वाटेत पुलगाव. आईचं घर रस्त्यालाच. ती बाहेर उभी राहून हात करते, मी काचेतून करते, झालं. जाताना थांबावं तर सगळ्यांनाच शाळेत उशीर, येताना सगळ्यांना घरची घाई. आई एकटी असते. रोज माहेरावरून जाते आणि उतरता येत नाही.
मला गाडी यासाठी हवी. कशासाठी हवी, हे घरात अजून कोणी विचारलेलं नाही.

८ डिसें., रविवार
शोरूम. ट्रायलला पुढे नवरोजी आणि भाऊजी, मागे मी, मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. "पिकअप पाय दादा, पिकअप!" मग डिकी, मायलेज, सनरूफ. वर्ध्याच्या उन्हात छप्पर उघडून कोण बसणार आहे, देव जाणे.
शेवटी मला दिली. गेटातच बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागे हॉर्न.
"वहिनी, तुमी आटोमॅटिकच घ्या."
शिकताना एकदासुद्धा बंद पडली नव्हती. मग आजच का?

१० डिसें.
शाळेतून थेट ड्रायव्हिंग क्लासच्या वानखडे सरांकडे. भांडायलाच गेले होते. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, हे माहीत होतं. पण...
"म्याडम, क्लच मीच दाबत होतो ना. नाई तं गाडी चालली असती का?"
हसत सांगतात! म्हणजे मी नुसतं स्टिअरिंग धरून मिरवत होते. राग आला, मग तिथेच बाकड्यावर रडू आलं. सर घाबरले, चहा मागवला.
पुन्हा शिकवा म्हटलं. पाय लावायचे नाहीत.

१९ डिसें.
रोज संध्याकाळी सेवाग्राम रोड. बंद पडते, चालू करते. सर पाय मागे ओढून, जीव मुठीत धरून बसतात. आज पुलाच्या चढावर थांबवून उचलली. मागे सरकली नाही. "जमलं बा म्याडम!"
ही गाडी ते विकताहेत. लहान, पांढरी, दारावरचं क्लासचं नाव अर्धं खरवडलेलं. तिचा क्लच कुठे धरतो ते माझ्या पायाला कळतं. हीच घ्यावी?
घरी सांगितलं. भाऊजी : "शिकाऊ लोकायनं जीव घेतला तिचा." नवरोजी : "घेऊ. पण सरांना डावीकडचे पेडल काढू नका म्हण. राहू दे."
माझी जेवणावरची वासनाच गेली.

२२ डिसें., रविवार
सरांनी दिवसभर गाडी दिली. पुलगावला निघालो, नवरोजी डावीकडे. देवळीपर्यंत छान. पुढे समोरून कापसाची गाडी आली, दोन्ही बाजूंनी फुगलेली. जागा भरपूर होती. आणि आमची गाडी गचकन थांबली. ब्रेक मी मारला नव्हता.
मागचा टेम्पोवाला नाही नाही ते बोलला. मला.
"मले वाटलं, तुले दिसली नाई."
"दिसली होती."
बाजूला घेतली. म्हटलं, "अहो, पाय वर घ्या. मांडी घालून बसा."
"पागल झाली का तू?"
"मग मी हलत नाही."
बसले. पंगतीला बसल्यासारखे, तोंड फुगवून, थेट पुलगावपर्यंत.
आई सवयीनं डाव्या खिडकीशी आली. वाकून पाहते तर जावई मांडी घालून. "काऊन जी जावईबापू, पाय दुखून राह्यले का?" मग पलीकडे मी दिसले. फिरून माझ्या बाजूला आली, स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर हात ठेवला.
चहा झाला, परत एकदा झाला. कोणी घाई केली नाही. इतकी खूश मी कितीतरी दिवसांत नव्हते. निघताना आई म्हणाली, "आता येत जाजो. रस्त्यातच तं हाये."

२३ डिसें.
ठरलं नाही. सकाळी पुन्हा पेडलवरून वाद. नवरोजी म्हणतात, काळजी वाटते. वाटत असेलही. ढोले सर एका हातानं फोन धरून चालवतात, तेव्हा मात्र कोणाला वाटत नाही. मी म्हटलं, पेडल निघणार असतील तरच घ्यायची. ते म्हणाले, मग राहू दे. वानखडे सर म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं.
ढोले सरांचा हॉर्न. मागची सीट, डावी खिडकी.
पुलगावला आई बाहेर उभी होती. मी काच खाली करून हात केला. तिनं आमच्या गाडीकडे पाहिलंच नाही. मागून येणाऱ्या गाड्यांत ती पांढरी गाडी शोधत होती.