अकरा अंगठे

प्रिय धाकट्या,

डोक्याला चार टाके पडलेत आणि उजवा डोळा सुजून अर्धा मिटलाय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. डॉक्टरीणबाईंना मी आधी पाय घसरला असं सांगितलं. त्यांनी टाका घालता घालता एवढंच विचारलं, "पाय घसरल्यावर दंडावर चार बोटं कशी उमटतात हो?" आईला काही कळवलेलं नाही. तिला वाटतंय मी दौऱ्यावर आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही मी. घरात सगळे म्हणायचे, ताई सरकारी खात्यात आहे, आणि विषय संपायचा. विमा कंपन्या लोकांना दिलेला शब्द पाळण्याच्या अवस्थेत आहेत का, हे बघायला सरकार दर काही वर्षांनी तपासणी पथक पाठवतं. त्या पथकाची मी प्रमुख. सहा माणसं, दोन महिने. कुणी कुठलं कपाट उघडायचं, कुठला प्रश्न लेखी विचारायचा, उत्तर टाळलं तर कुठल्या आवाजात पुन्हा विचारायचा, हे मी ठरवते. आम्हाला जिथे तिथे संडासाशेजारची खोली देतात आणि चहा मात्र न मागता पाठवतात. या कंपनीतही तसंच झालं. तू याच कंपनीसाठी काम करतोस हे मला ठाऊक नव्हतं. एका एजन्सीत पहारेकऱ्यांवर देखरेख करतो, असं तू आम्हाला सांगितलं होतंस.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी माझ्यासमोर एक गठ्ठा आणून ठेवला. मास्तर म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने तपासनीस, निवृत्तीला सात महिने उरलेले, नाकावरून घसरणारा चष्मा आणि फायलींशी बोलायची सवय. माणूस गेल्यावर घरच्यांनी विम्याचा दावा करायचा आणि मग तो "स्वखुशीने" मागे घ्यायचा, अशी एक्केचाळीस प्रकरणं त्यात होती. मास्तर म्हणाले, "मॅडम, हक्काचं स्वखुशीने सोडणारा माणूस मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. आणि हे बघा." अकरा जणांनी अर्जावर स्वच्छ सही केली होती आणि महिन्याभराने, दावा मागे घेताना, त्याच अकरा जणांनी अंगठा उठवला होता. शिकलीसवरलेली माणसं महिन्यात अंगठेबहाद्दर कशी झाली? मी त्या अकरा जणांचे पत्ते वहीत उतरवून घेतले.

पहिल्या पत्त्यावर मी स्वतः गेले. शिवणकाम करणारी बाई, नवरा कारखान्यात यंत्रात सापडून गेलेला. जिन्याखालची खोली, एक लोखंडी खाट आणि धूळ बसलेलं शिलाई मशीन. बाई उजवा हात पाठीमागे धरून उभी होती. माझं ओळखपत्र दोनदा वाचल्यावर तिने तो पुढे आणला. तीन बोटं चेचून वेडीवाकडी जुळलेली, त्यातल्या दोन बोटांना नखंच नाहीत. दोन माणसं आली होती म्हणाली. एकाने दार लावलं. दुसरा फार सभ्य. त्याने बूट बाहेर काढले, प्यायला पाणी मागितलं, तिला "ताई" म्हणाला. मग तिला जमिनीवर बसवलं, तिच्या बोटांवर खाटेचा पाय ठेवला आणि स्वतः खाटेवर बसला. बसून त्याने कागद सावकाश वाचून दाखवला. ती किंचाळली तेव्हा पहिल्याने तिच्याच मशीनवरचं अर्धवट शिवलेलं कापड तिच्या तोंडात कोंबलं. कागद केवढा होता, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, "दीड पान. मधे थांबून विचारायचा, कळलं ना ताई? मग हातात पेन धरवेना, म्हणून अंगठा घेतला." आणि जाता जाता मला म्हणाली, दिसायला चांगल्या घरचा वाटत होता, डावी भुवई तेवढी मधोमध तुटलेली.

धाकट्या, ती भुवई मी तोडली आहे. मी नऊ वर्षांची, तू पाच. सायकलच्या दांडीवर तुला बसवून उतारावर सोडली आणि ब्रेक विसरले. रक्ताने तुझा सदरा भिजला होता, तरी आईला तू म्हणालास, मीच पडलो. माझं नाव घेतलं नाहीस. पुढे तुझ्या चौदाव्या वर्षी, माझ्या मागे लागलेल्या त्या पोराला तू विटेने मारलंस, त्याचे दोन दात पडले. आईसमोर मी तुझ्यावर ओरडले आणि जिन्यात गाठून तुझे गालगुच्चे घेतले. मला अभिमान वाटला होता रे. तो वाटायला नको होता.

त्या बाईकडून निघाले तशी मी वरिष्ठांकडे जायला हवं होतं. यात माझा भाऊ आहे, मला बाजूला करा, एवढंच सांगायचं होतं. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तुटक्या भुवयांची माणसं काय कमी असतात, अशी मनाची समजूत घालत राहिले. मास्तरांना म्हटलं, जरा थांबू या. ते कसले थांबतात! तिसऱ्या दिवशी दुपारी ते गठ्ठ्याच्या प्रती बॅगेत घालून वरिष्ठांना दाखवायला आमच्या ऑफिसकडे निघाले आणि कंपनीच्या तळघरातल्या पार्किंगपर्यंतच पोचले. आमच्या गाडीच्या चालकाने आरडाओरडा केला म्हणून मी धावले. खांबावर डोकं आपटून आपटून त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. जबडा एका बाजूला निखळलेला, चष्म्याची काच डोळ्यात घुसलेली. मनगटाला बॅगेचा पट्टा घट्ट गुंडाळलेला होता आणि पुढे तो कापलेला होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या तळहातावर रक्त आणि दात आले. ते काहीतरी सांगू बघत होते, मला कळलं नाही. तो डोळा गेला. माझ्या दोन दिवसांत गेला.

त्यांना रुग्णालयात पोचवलं आणि तिथून मी सरळ तुझ्याकडे आले. घरात तू एकटाच होतास, नळाखाली शर्ट घासत होतास. मला बघून दचकलाही नाहीस. म्हणालास, "साहेबांनी फक्त बॅग आणायला सांगितली होती गं. म्हातारा सोडेचना." जणू बाजारातली एखादी अडचण सांगावी. मी फोन काढला. तू माझा दंड धरलास आणि तीनदा म्हणालास, ताई, फोन ठेव. मग माझं डोकं धरून नळाच्या कट्ट्यावर आदळलंस. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी तुझ्याकडेच बघत होते. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, काम उरकणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. त्या शिवणकामवाल्या बाईने काय पाहिलं असेल, ते तेव्हा मला कळलं. नंतर रक्त बघून तू लहान पोरासारखा हंबरडा फोडलास, माझ्या डोक्याला टॉवेल दाबून धरलास. मी कठडा धरून जिना उतरले. तू हाका मारत होतास, मी मागे वळले नाही.

आज सकाळी मी तपासणीतून माझं नाव काढून घेतलं. मग पोलीस ठाण्यात जबाब दिला. तुझं नाव, बाबांचं नाव, पत्ता, सगळं माझ्या हाताने लिहिलं. मास्तरांच्या बॅगेत नुसत्या प्रती होत्या, हे तुझ्या साहेबांना सांग. मूळ कागद त्यांनी आदल्या दिवशीच सील करून आमच्या तिजोरीत ठेवले होते. हे पत्र घेऊन आलेला साध्या कपड्यातला माणूस पोलीस आहे, आणि आणखी तिघं खाली जिन्याशी उभे आहेत. इन्स्पेक्टरांच्या हातापाया पडून मी तुझ्यासाठी अर्धा तास मागून घेतला आहे. लेकीसमोर तुला बेड्या पडू नयेत, दार मोडलं जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिलं. तिला जवळ घे, बाबा कामाला जातोय असं खोटं सांगू नकोस, आणि आपल्या पायांनी खाली उतर. ती आणि तिची आई आज रात्री माझ्याकडे येतील, अंथरूण घालून ठेवलंय. तुला त्या दावे करणाऱ्यांच्या नावांची यादी कुणी दिली ते सगळं सांग. कारण संध्याकाळपर्यंत कंपनी म्हणेल, असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. खटल्याच्या प्रत्येक तारखेला मी येईन. त्या बाईच्या शेजारी बसेन.

तरीही तुझीच,
ताई