शांताबाईंच्या दाढेतली चीर

सोम. ३ नोव्हें.
शांताबाई मेघाकडे जाऊन आल्या, म्हणून लिहायला बसले. घरात बोलले तर आमचे हे दोन दिवस चिडवतील.

शांताबाई लिंबागणेशच्या, किराणा दुकानवाल्या. त्यांच्या अख्ख्या घराचे दात मी पाहते. मेघा चार वर्षं माझ्याच दवाखान्यात होती. डॉक्टर होऊन आली तेव्हा इंजेक्शन द्यायच्या आधी मला हाक मारायची. आता बीडमध्येच तिचा काचेचा दवाखाना.

शांताबाईंनी मोबाइल पुढे केला. त्यांची खालची डावी दाढ, मी भरलेली चांदी, आणि चांदीच्या कडेपासून निघालेली रेघ. रेघेच्या अलीकडे दात उजळ, पलीकडे काळा.

"दिवा बंद करून बाजूनं उजेड सोडला तिनं. मग फोटो काढला. दाढ चिरलीय म्हनली."
"मग तिथंच का नाही करून घेतलंत?"
"तिनंच न्हाई केलं. मॅडमनी भरलेली चांदी हाय, त्यांना इचारल्याबिगर हात लावनार न्हाई म्हनली."

तिनं माझ्या कामाला नावं ठेवली असती तर सोपं गेलं असतं.

मंगळ. ४
दिवसभर चिडचिड. दोन पेशंटना उगाच बोलले. पन्नाशीपुढे कुणाच्या इनॅमलला रेघा नसतात? एवढा मोठा फोटो केला तर काहीही दिसेल.

शांताबाईंचं कार्ड काढलं. जूनपासून तीन नोंदी, माझं अक्षर: 'दुखते. चांदी उंच. घासली.' तीनदा तेच, चांदी वर आलीय समजून घासून कमी केलेली. एक्स-रे दोन, दोन्हींत काही नाही. त्या मात्र दर वेळी सांगायच्या, चावल्यावर न्हाई, दात सोडला की कळ येते. मी म्हणायचे, नीट आठवून सांगा.

सोडताना कळ म्हणजे चीर. कॉलेजात शिकलेय मी हे.

ह्यांना सहज विचारलं, मेघाची पाटी पाहिलीत का. "पाहिली. लई झकास." मुद्दाम.

गुरु. ६
शांताबाईंना बोलावलं. पडदा ओढला, खुर्चीवरचा दिवा बंद केला. इतक्या वर्षांत दिवा बंद करून कुणाच्या तोंडात पाहिलं नव्हतं. त्या दिव्याखाली सगळा दात सारखाच उजळतो, चीर बुडून जाते. बारकी बॅटरी गालाच्या बाजूनं दाताला टेकवली. उजेड मध्येच थांबला. फोटोत होता तिथेच.

मेघा चुकलेली मला हवी होती.

"दिसली का, बाई?"
"दिसली."
"म्हंजे पोरगी हुशार हाय."
"तोंड उघडा."

चांदी काढली. खाली चीर पुढे गेलेली, मागच्या भिंतीपासून तळाच्या निम्म्यापर्यंत. खोल किती, माझ्या चष्म्यातून कळेना. वरवर असेल तर कॅप घालून दाढ राहील. मुळाकडे गेली असेल तर काढायचीच. पाहायला कॅमेरा हवा, आणि तो मेघाकडे. तात्पुरतं औषध भरलं. उजवीकडून जेवा, सुपारी बंद, असं बजावलं.
"सुपारी तिनं कवाच बंद केली."

शुक्र. ७
मेघाला द्यायला नवं कार्ड लिहिलं, घासल्याच्या नोंदी गाळून. छान दिसत होतं. फाडलं.

मेघाला फोन केला. "मॅडम, मीच येते की कॅमेरा घेऊन." नको म्हटलं. माझ्या खुर्चीशी उभी राहून ती दाखवणार आणि मी वाकून बघणार...

शनि. ८
शांताबाईंना घेऊन गेले. मेघा उठून उभी राहिली, "मॅडम, बसा." पाया पडायला वाकली, मी हात धरून थांबवलं. ट्रे पाहिला. हत्यारं मी लावते त्याच क्रमानं लावलेली.

"ऱ्हाईल का गं दाढ?" शांताबाईंनी तिला विचारलं. मी शेजारीच होते.
"बघू या, मावशी."

सोपवलं ते: मूळ कार्ड, तिन्ही नोंदींसकट. एक्स-रे दोन. शांताबाई, दाढेत तात्पुरतं औषध. मिळाल्याची मेघाची सही घेतली, सव्वाबारा.